पहिल्या तारेचा हिरवा दोरा

माझ्या व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात, ही गोष्ट मी आईपासून अकरा वर्षं लपवून ठेवली होती. आई माळकरी. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही, आणि मी मात्र रोज संध्याकाळी व्हायोलिनची पेटी देवघराला लागून असलेल्या फळीवर ठेवत होते. शेवटी एका पाहुण्याने चहा पिता पिता विषय काढला आणि सगळं बाहेर आलं. आई वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? पखवाजाला काय आळूची पानं लावत्यात व्हय?" अकरा वर्षं मी उगाच जीव टांगणीला लावून घेतला होता.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या हकिगतीतही माझी हीच खोड आडवी आली आहे. समोरच्याला जे ऐकून बरं वाटेल ते मी बोलून जाते. स्वभाव म्हणा, पण धंद्याने तो पोसला. मी कामशेतला राहते आणि व्हायोलिन वाजवून पोट भरते. नोकरी कुठेच नाही. आज पुण्यात चर्चच्या गायकवृंदाच्या मागे, उद्या लोणावळ्याच्या रिसॉर्टवर कुणाच्या लग्नात, परवा मुंबईला रेकॉर्डिंगला, मधल्या वेळात तळेगावात शिकवण्या. याला फ्रीलान्स म्हणतात. आई म्हणते, "आमच्या शैलाचं सुटं काम हाय." सुट्या कामाचा पहिला नियम असा की फोन आला की 'हो' म्हणायचं. अमुक वाजवता येतं का? हो. वीस तारखेला जमेल का? हो. मग फोन ठेवायचा आणि कसं जमवायचं ते बघायचं.

या 'हो'पायी मी काय काय केलंय! पवना धरणाच्या पाण्यात होडीत उभी राहून नवरीची एन्ट्री वाजवली आहे. होडी हलत होती, नवरी मळमळत होती, आणि काठावरचा बाई-बाप्यांचा घोळका 'वन्स मोअर' ओरडत होता. एका रिसॉर्टवरच्या नियोजकाने मला भर पावसात, छत्रीशिवाय वाजवायला सांगितलं, कारण व्हिडिओत छान दिसतं म्हणे. तिथे मात्र मी घरून दुसरं, पोलादी तारांचं स्वस्तातलं व्हायोलिन मागवून घेतलं. तुंगार्लीच्या एका बंगलेवाल्यांनी तर कुत्र्याच्या वाढदिवसाला बोलावलं होतं. कुत्रा तिसऱ्या मिनिटाला उठून आत गेला. मालक दिलगिरीने म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, त्याला तबला आवडतो."

हे सगळं पोटासाठी. जीव अडकलाय तो जुन्या संगीतात. युरोपात तीनशे वर्षांपूर्वी दरबारात आणि चर्चमध्ये जे वाजायचं ते, त्या काळच्याच पद्धतीने, त्या काळच्याच साधनांवर वाजवायचं, असा हा प्रकार आहे. त्याला बरोक म्हणतात. व्हायोलिन बघायला नेहमीसारखंच, पण हनुवटीखाली आधार नाही, गज जरा बाहेर वाकलेला, सूर नेहमीच्या व्हायोलिनपेक्षा अर्ध्या स्वराने खाली लावायचा, आणि तारा आतड्याच्या. पोलादी तारेचा आवाज लखलखीत असतो. आतड्याच्या तारेच्या आवाजाला जरा खरखर असते, माणूस बोलायला लागण्याआधी घसा मोकळा करतो ना, तशी. एकदा तो कानात बसला की दुसरं काही गोड लागत नाही.

माझे वडील देहूरोडच्या डेपोत स्टोअरला होते. त्यांच्याबरोबर काम करणारे फर्नांडिस अंकल घोरावाडी स्टेशनजवळ राहायचे आणि दर रविवारी मला व्हायोलिन शिकवायचे. पोरगी दोन गाणी वाजवून थांबेल असा वडिलांचा अंदाज होता. अंकलच्या मांडणीत एका फुटक्या कपात जुन्या आतड्याच्या तारांचं एक वेटोळं पडलेलं असायचं. एकदा त्यांनी ती तार चढवून मला दिली आणि माझं थांबणं राहून गेलं. पुण्यामुंबईत मिळून आम्ही हे वाजवणारे एवढेच आहोत की दोन रिक्षांत मावू. पुण्याच्या नंदिनी मॅडम आमच्या म्होरक्या. त्या हार्पसिकॉर्ड वाजवतात, म्हणजे पियानोचा आजोबा म्हणता येईल असं वाद्य. सुरात केसाएवढा फरक पडला तरी त्यांची भुवई चढते.

आतड्याच्या तारांचं दुखणं म्हणजे हवा. पावसाळ्यात मावळात भिंतीवरचं कॅलेंडर मऊ पडतं, तिथे आतड्याचं काय होत असेल? तार ओल पिते, फुगते, सूर सोडते आणि एका क्षणी टण्णकन तुटते. पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार, पावसाळ्यात पंधरा दिवस टिकली तरी मी देवाला हात जोडते. तारा इटलीहून मागवायच्या. त्या यायला कधी महिना, कधी तीन महिने, आणि एका वर्षी तर पार्सल कुठेतरी अडकलं ते आलंच नाही. पेटीत एकच पहिली तार उरली होती आणि पुढे चार कार्यक्रम होते.

त्याच सुमारास आईची गादी गोळे होऊन गेली होती. कामशेतच्या बाजाराच्या टोकाला, नाणे मावळाचा रस्ता फुटतो तिथे, इमामभाऊंचं दुकान आहे. 'कापूस पिंजून गाद्या भरून मिळतील.' इमामभाऊंचे वडील-आजे हेच काम करायचे. आता दुकानात पिंजायचं मशीन आहे, पण जुन्या गिऱ्हाइकांचा कापूस ते अजून हाताने पिंजतात. आढ्याला दोरीने टांगलेली माणसाएवढी लाकडी कमान, तिला ताणलेली जाड दोरी, आणि हातातल्या लाकडी ठोकळ्याने त्या दोरीला टोला द्यायचा. दोरी थरथरते आणि कापूस सुटा होऊन उडतो. मी गादी टेकवली आणि निघणार, तोच त्यांनी टोला मारला. मी जागेवर थांबले. त्या आवाजाला खरखर होती.

"भाऊ, ही दोरी कशाची?"

"दोरी न्हाई ताई, तात म्हनायचं. मेंढीचं आतडं. नायलॉनची बी मिळती आता, पर तिला कापूस ऐकत न्हाई."

"कुठून आणता?"

"आनतो कुटनं? आमीच वळतो. आब्बांनी शिकीवलं."

मी धावत घरी गेले आणि व्हायोलिन घेऊन आले. इमामभाऊंनी हात पुसले, तारेला अंगठ्याने छेडलं आणि कान जवळ नेला. मग दोन बोटांच्या चिमटीत तार धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. "ही हितं मधी जाड हाय," ते म्हणाले. इटलीची तार होती. मी आठवडाभर त्या एका जागेवर चाचपडत होते आणि दोष माझ्या बोटाचा समजत होते.

"अशी बारीक वळता येईल?"

"ही? ही तर शेवई हाय!" ते हसले. मग तार परत चिमटीतून फिरवत म्हणाले, "बगू."

त्या 'बगू'ला तीन महिने लागले. सोमाटण्याच्या मटणवाल्याकडून कोवळ्या मेंढ्यांची आतडी आणायची. ती धुवायची, राखेच्या पाण्यात भिजवायची, बांबूच्या चिपेने खरवडायची, परत धुवायची. मग तीन-चार पदर ओले असतानाच एकत्र पीळ देऊन दोन खुंट्यांमध्ये ताणायचे आणि सावलीत वाळवायचे. वाळल्यावर घोड्याच्या केसांच्या जुडीने घासून गोल करायचं. पहिली तात निघाली ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. दुसरी मधेच चपटी. इमामभाऊंच्या बायकोला, आमच्या जैतूनचाचीला, घरभर पसरलेल्या वासाचा असा काही वैताग आला की ती मला बघितलं की पदर नाकाला लावायची. "तुमचं संगीत लय भारी आसंल ताई, पर वास बगा की!" असं म्हणत चहा मात्र करायची.

चौथ्या खेपेला निघालेली तार मी चढवली. सूर लावला, गज टेकवला. इमामभाऊ पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले होते. मी चार ओळी वाजवल्या आणि थांबले, कारण पुढे वाजवता येईना, डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "मोकळी झाली." कापूस पुरता सुटा झाला की तातीचा आवाज बदलतो, तेव्हा ते हाच शब्द वापरतात हे मला नंतर कळलं.

त्यांची एक पद्धत होती. तात तयार झाली की तिच्या टोकाला रंगीत दोऱ्याची गाठ मारायची. पहिलीला हिरवा, दुसरीला लाल, तिसरीला पिवळा. चौथी तार बाहेरूनच यायची, तिच्यावर धातूचं वेटोळं असतं. सगळ्या तारा गादीच्या पट्टेरी कापडाच्या छोट्या पिशवीत घालून द्यायचे. पिशवीही त्यांनीच शिवलेली, चारी बाजूंनी गादीसारखी टीप घातलेली.

आता माझ्या लाजेची गोष्ट. पुण्याच्या पहिल्याच तालमीत नंदिनी मॅडमनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "शैला, तार काय सुंदर बोलतेय गं! कुठली?" आणि मी, दुसरा विचार न करता, म्हणाले, "इटलीची. नवीन माणूस मिळालाय."

का म्हणाले? मॅडमना इटलीचं कौतुक. आमच्यातल्या एकाने एकदा इथे बनवलेला गज आणला होता, त्याला त्यांनी 'लाटणं' म्हटलं होतं. कामशेतच्या गादीवाल्याने वळलेली तार म्हटलं असतं तर त्यांनी ती कानांनी ऐकलीच नसती, असं मी स्वतःला समजावलं. थोडं खरंही असेल. पण जास्त खरं हे की मलाच ते सांगायला कसंतरी वाटलं. परत आल्यावर इमामभाऊंनी विचारलं, "आवडली का तितं? माझं नाव सांगितलं का?" त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणाले, "सांगितलं की. सगळ्यांनी वाहवा केली." वाहवा तेवढी खरी होती.

दोन्हीकडे 'हो' म्हणून मी मोकळी झाले. पण एकदा बोललेलं खोटं पोसावं लागतं. मॅडमना आमच्यातल्या दुसऱ्या व्हायोलिनवाल्यासाठी त्या 'इटलीवाल्या'च्या तारा हव्या झाल्या. मग मुंबईच्या दोघांना. मी इमामभाऊंकडून तारा आणायची, दोऱ्यांच्या गाठी कातरीने कापायची, आणि माझ्याकडे साठलेल्या जुन्या इटालियन पाकिटांत भरून द्यायची. पट्टेरी पिशव्या मी कपाटात साड्यांच्या खाली लपवल्या. दोन वर्षं हे चाललं. इमामभाऊंना आता तारांचं वेडच लागलं होतं. गाद्यांचं काम फोमवाल्यांनी कधीच खाल्लं होतं. दुपारी दुकानात गेलं की ते ताणलेल्या तातीवरून बोटं फिरवत बसलेले दिसायचे. "आता दुसरी सुदारली पायजे," म्हणायचे. मुंबईत आपलं नाव घेतात हे त्यांनी चाचीला सांगितलं होतं आणि चाचीने कामशेतभर. मला बाजारात बायका थांबवून विचारायच्या, "व्हय का गं, आपल्या इमामभाऊचं नाव मुंबईला घेत्यात?" मी मान हलवायची आणि भाजी न घेताच घरी यायची. त्यांना खरं कळलं तर? तारा मिळायच्या बंद होतील ही भीती होतीच, पण ते माझ्याशी नीट बोलायचे बंद होतील, ही भीती जास्त होती.

आणि मग लोणावळ्याचा कार्यक्रम ठरला. आपल्या भागात आमचा पहिलाच. एका शाळेचं सभागृह, दुपारी चारची वेळ, ऑगस्ट महिना. मुख्य व्हायोलिन माझं, एकटीचं. सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच. आई येणार होती. इमामभाऊ म्हणाले, "आमी बी येनार. हितंच हाय तर ऐकाया नको?" मी काय म्हणणार? हो म्हणाले.

त्या दिवशी सभागृहाच्या खिडक्यांतून धुकं आत येत होतं. तिसऱ्या रांगेत आई, तिच्या शेजारी चाची नवीन साडीत, आणि कडेला इमामभाऊ, पांढरा सदरा, गुडघ्यांवर हात ठेवून. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पहिला भाग छान गेला. दुसरा संथ असतो, त्यात व्हायोलिन जवळजवळ एकटंच असतं. त्याच्या मध्यावर पहिली तार तुटली.

तार तुटणं नवीन नाही. थांबायचं, माफी मागायची, दुसरी लावायची. मी पेटी उघडली. पाच इटालियन पाकिटं, सगळी सारखी. पाकिटांवर जाडी छापलेली असते, पण कुणी डोकावलं तर इटलीच्या दिसाव्यात म्हणून मी माझ्याही तारा हाताला लागेल त्या पाकिटात भरल्या होत्या. गाठी कापलेल्या. चष्मा पर्समध्ये, पर्स आईकडे. धुक्याने उजेड मेलेला. एक तार काढून खुंटीच्या भोकात घातली, जाईना. आणखी एक काढली, ती पहिली तार आहे की दुसरी तेच कळेना. सभागृहात खाकरणं सुरू झालं. नंदिनी मॅडमची भुवई मला पाठीमागूनही जाणवत होती.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "ताई, हिरवा दोरा बगा! पहिलीला हिरवा!"

मी मान वर केली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक. इमामभाऊ उठले, चपला खालीच काढल्या आणि मंचावर आले. त्यांनी माझ्या हातातली तार बघितली, दोरा नसलेलं टोक बघितलं, मग ती ज्यातून निघाली ते परदेशी अक्षरांचं पाकीट बघितलं. पाचही तारा पाकिटांतून काढून चिमटीतून एकेक फिरवल्या आणि त्यातली एक माझ्या हातात दिली. "ही. नवी हाय, उतरत ऱ्हाईल. मधी मधी चढवा."

नंदिनी मॅडम हार्पसिकॉर्डवरून उठून आल्या. "हे कोण, शैला?"

मी खाली वाकून पाकिटं गोळा करायला लागले.

"या तारा तुमच्या?" मॅडमनी त्यांनाच विचारलं.

"व्हय."

"तुम्ही केल्यात? आम्हाला हे काहीच माहीत नव्हतं. शैलाने कधी सांगितलंच नाही."

इमामभाऊंनी माझ्याकडे बघितलं. खालून चाची ऐकत होती. ते म्हणाले, "सांगितलं आसंल हो. तुमच्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं आसंल." आणि खाली जाऊन बसले.

त्यानंतर मी वाजवलं. नवी तार दर चार ओळींनी उतरत होती आणि मी बोटाने ती सावरत होते. प्रत्येक भागानंतर थांबून चढवत होते. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असं आई सांगते. मला आठवतं ते एवढंच की मॅडम टाळ्या वाजवत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. जाताना त्या म्हणाल्या, "खोटं बोललीस याचा राग आहे. पण मी ऐकून घेणार नाही असं तुला वाटलं, याचं जास्त वाईट वाटतं."

चार दिवस मी दुकानाकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी कपाटातल्या सगळ्या पट्टेरी पिशव्या घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. इमामभाऊ कमानीशी होते. मी एका दमात सगळं सांगितलं. इटली, पाकिटं, कातर, सगळं. ते कापूस पिंजतच राहिले. शेवटी ठोकळा खाली ठेवला.

"मला ठावं व्हतं, ताई."

"कधीपासून?"

"पहिल्या वरसापासनं. नाव सांगितलं आसतं तर येखादं मानूस तरी बगाया आलं आसतं न्हवं? कोन हाय, कसं वळतो. वाजवनारा मानूस आल्याबिगर ऱ्हात न्हाई. तुमी न्हाई का, आवाज ऐकून गादी टाकून पळाला?"

मी कापसाच्या गाठोड्यावर बसले. "मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पिशव्या एकावर एक रचल्या. "तात चांगली वाजत व्हती. नि तुमच्या चाचीला मी सांगून बसलो व्हतो. ती लय खूश व्हती. तिचं मन कशापायी मोडायचं म्हनून मी बी दर बारीला सांगत ऱ्हायलो, आज पुन्याला घेतलं, आज मुंबईला घेतलं." मग हळूच म्हणाले, "तिला न्हाई म्हाईत आजून."

म्हणजे माझं खोटं दोन वर्षं त्यांनी स्वतःच्या घरात पाळलं होतं. मला रडू आलं. ते म्हणाले, "आता रडून तातीला वल लावू नका."

नंदिनी मॅडम पुढच्याच आठवड्यात कामशेतला आल्या. इमामभाऊंनी म्हटलं तसंच झालं, वाजवणारा माणूस आल्याशिवाय राहत नाही. त्या कापसात बसल्या, राखेच्या पाण्याचा वास घेतला, तीन तास प्रश्न विचारले आणि चाचीच्या हातची भाकरी खाऊन गेल्या. मग मुंबईचे दोघे आले. हल्ली मला तार हवी असली की इमामभाऊ म्हणतात, "तुमचा नंबर चौथा हाय, ताई." मी चौथ्या नंबराने थांबते.

मागच्या हिवाळ्यात पुण्याला आमचा कार्यक्रम होता. छापील पत्रिकेत वाद्यं कुणी केली त्यांची नावं असतात, त्यात मॅडमनी तारांची ओळ घातली. पण मला तेवढ्यावर सुटायचं नव्हतं. मी गाडी करून इमामभाऊंना आणि चाचीला घेऊन गेले, पहिल्या रांगेत बसवलं. वाजवायच्या आधी मी पुढे आले आणि म्हणाले, "आज तुम्ही ज्या तारा ऐकणार आहात त्या कामशेतच्या इमामभाऊंनी हाताने वळल्या आहेत. त्यांच्याशिवाय माझं व्हायोलिन मुकं असतं." दोन वर्षांचं ओझं त्या दोन वाक्यांत उतरवताना माझा आवाज खाली आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इमामभाऊ मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी धावत खाली आले. चाचीचा चेहरा बघायचा होता. ती पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती.

"कसं वाटलं, चाची?"

"वाजीवलंत ब्येस." ती घोटभर पाणी प्यायली. "पर ताई, नाव जरा मोठ्यानं घेत जावा की. दर बारीला आसंच हळू घेता व्हय?"